पिशवी काढायचा निर्णय नेमका कुणाचा?

जोंधळा (धागाकर्ती)

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी २०१९ च्या उन्हाळ्यात देशभर गेली. राष्ट्रीय महिला आयोगाने मुख्य सचिवांना नोटीस काढली. विधान परिषदेत प्रश्न आला, तेव्हा आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय खासगीत पिशवी काढायची नाही, असा नियमही आला.

मी याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग ट्रॉलीत बसून कारखान्यावर जातो. त्या पोरांच्या आयांशी माझं बरंच बोलणं होतं. बातम्यांमध्ये मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, खलनायक असतो, पण 'पिशवी काढून ये, मगच उचल (आगाऊ रक्कम) देतो' असं मुकादम म्हणाल्याचं मला अजून एकीनेही सांगितलेलं नाही. माझं म्हणणं असं की त्याला ते म्हणावं लागतच नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. हंगामभर जी मजुरी होते ती उचलीत वळती होते. बाई एक दिवस उसाच्या फडात आली नाही तर खाडा, म्हणजे दंड: पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त. तिच्या वाट्याची दिवसाची मजुरीसुद्धा तेवढी भरत नाही. पाळी दर महिन्याला येणार आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. मग दुखत असलं तरी फडात जायचं, दिवसभर तोच कपडा. कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, न्हाणी नाही, संडास नाही. पाणी कॅनॉलचं नाही तर शेतकऱ्याने मोटर चालू केली तर. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. सहा महिने ते अंगावर काढायचं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आलं की तालुक्याच्या खासगी दवाखान्यात. तिथे सोनोग्राफी, आणि ठरलेलं वाक्य: पिशवीला सूज आहे, जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.

लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी झालेलं. बाविशीत दोन-तीन लेकरं आणि नसबंदी उरकलेली. सासू म्हणते, आता पिशवीचं काम काय? नवरा म्हणतो, एकदाची कटकट जाऊ दे. ऑपरेशनला पैसे कुठून आणायचे? मुकादमाकडूनच. म्हणजे पुढच्या हंगामाची उचल आताच अंगावर बसली. आणि टाके वाळेपर्यंत गाडी दारात.

बाईला विचारलं तर ती सांगते, 'माझ्याच मर्जीनं काढली.' खोटं बोलत नसते ती. पण माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी खाडा आहे. पाळीच्या दिवसांचा आणि बाळंतपणाचा खाडा बंद करा, कोपीवर पाणी आणि संडास ही करारातली अट करा. ते होत नाही तोवर सिव्हिल सर्जनच्या परवानगीचा कागद हा नुसता कागदच. बोला.

आकडेमोड

ताई, तळमळ पोचली. पण 'मूळ खाडा' हे आकड्यांत बसत नाही.

पहिली गोष्ट, शंभरात सतरा हा आकडा लोक राज्याच्या आकड्याशेजारी ठेवतात आणि हबकतात. राज्याचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, २०१५-१६ सालचा: महाराष्ट्रात २.६ टक्के, देशात ३.२. तो १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचा आहे. त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीही आल्या. ऊसतोडीच्या पाहणीत ज्या आहेत त्या लग्न झालेल्या, लेकरं झालेल्या, कामावर जाणाऱ्या. तुलना करायची तर सारखं वय सारख्या वयाशी करावी. तरीही बीडचा आकडा जास्तच निघेल, ते मी नाकारत नाही. पण सहा-सातपट वगैरे म्हणू नये.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्याच पाहणीत आंध्र प्रदेश ८.९ टक्के, तेलंगण ७.७, बिहार ५.४. गुंटूरच्या बाईला कुठला खाडा आणि कुठली उचल? आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली, शस्त्रक्रियेचे पैसे सरकारने दिले. बिहारमध्ये २०१२ साली समस्तीपूरला विमा योजनेतून बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. छत्तीसगडमध्येही त्याच वर्षी. सगळीकडे समान धागा एकच दिसतो: सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, खासगीत चाकू तयार आहे. ऊसतोड ही त्याची फक्त बीड आवृत्ती.

निशिगंधा

आकडेमोड, चाकूकडे बाईला पाठवतं कोण, तेही बघा की.

मी पुण्यात वाढले. माझ्या मावशीची पिशवी एकोणचाळिसाव्या वर्षी काढली, चांगल्या एसी हॉस्पिटलात. ना खाडा, ना मुकादम. रक्तस्राव जास्त होता, डॉक्टर म्हणाले काढून टाकू, घरचे म्हणाले काढून टाका. गोळ्या, इतर उपचार यावर पाच मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही. तिला सगळ्यात मोठा आनंद कशाचा? 'आता गौरी-गणपतीत माझ्यामुळे कुणाची अडचण होणार नाही.'

आपल्याकडे लेकीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा तिला काय शिकवलं जातं, तर ही अडचण आहे. गणपती आले की मेडिकलच्या दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना गर्दी. वारीला निघायचं, घरात लग्न आहे, सत्यनारायण आहे, घ्या गोळ्या. चिठ्ठीबिठ्ठी कोण मागतं? ज्या घरात दर सणाला पाळी टाळायची सवय आहे तिथे ती कायमची टाळायची संधी आली तर नाही कोण म्हणेल? धागाकर्तीने सगळा भार खाड्यावर टाकला, पण विटाळ हा शब्द तिच्या लिखाणात एकदाही नाही.

आणि नसबंदी. दर वेळी बाईचीच का? पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही. म्हणजे पोट फाडायचं ते हिचंच, एकदा नळ्या बांधायला आणि दुसऱ्यांदा पिशवी काढायला.

धारूरचा_घाट

नमस्कार. मी ऊसतोड्याचा पोरगा. आईबाप, चुलता-चुलती सगळे कोयत्यावर. मी बारावीपर्यंत अर्धं वर्ष आजीजवळ राहून शिकलो, आता पुण्यात नोकरी करतो. एक तक्रार आणि एक दुरुस्ती.

तक्रार अशी, 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' असे मथळे छापून आले. कॅमेरे घेऊन लोक आले, बायांना रांगेत बसवून पोटावरच्या खुणा दाखवायला लावल्या. त्यानंतर आमच्याकडच्या सोयरिकीला बाहेरचे लोक शंका काढायला लागले. लिहिणाऱ्याचं नाव झालं, गावाला काय मिळालं? संडास अजून नाही.

दुरुस्ती खाड्याबद्दल. जोंधळा मॅडम, खाडा मुकादम कापतो हे खरंय. पण बाई खाड्याला जेवढी भीत नाही तेवढी टोळीला भीते. दहा-बारा कोयत्यांची टोळी असते. पहाटे चारला फडात उतरायचं. गडी तोडत पुढं जातो, बाई मागं पाला सवळून मोळ्या बांधते. ट्रॅक्टर आला की मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रॉलीत चढायचं. वीस-तीस किलोची मोळी, फळी एक फूट रुंद, पाय घसरला तर खाली. एक ट्रॉली भरायला अशा किती खेपा! एक बाई कमी पडली की तिच्या वाटच्या मोळ्या बाकीच्यांनी उचलायच्या. पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात परत तेच झालं की जाऊच म्हणते, 'हिचं दर महिन्याला हायेच का?' ही जाऊ स्वतः पिशवी काढून आलेली असती.

माझ्या चुलतीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, 'काढली तवा लई बरं वाटलं. दोन वर्सं. आता कंबर अन् गुडघे गेले, अंगातून वाफा निघत्यात. पन परत तीच येळ आली तर परत काढीन.' याला तुम्ही काय म्हणणार?

डॉक्टरीण_तालुक्याची

बराच वेळ वाचत होते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. सगळ्या धाग्यात डॉक्टर हा चाकू घेऊन बसलेला प्राणी आहे, म्हणून लिहिते.

आधी वैद्यकीय भाग. नुसतं पांढरं जाणं, नुसती 'सूज', गर्भाशयाच्या तोंडाशी दिसणारा लालसर भाग, यांतलं काहीच पिशवी काढायचं कारण नाही. गर्भाशयमुखाची साधी तपासणी करून, लागलं तर बायोप्सी करून कॅन्सरची शंका मिटवता येते. तपासणी न करता कॅन्सरची भीती घालणारे आमच्यात आहेत, त्यांची मी बाजू घेणार नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईला त्याच दिवशी रजोनिवृत्ती आली. मग वाफा, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा धोका. चुलतीचं वर्णन ऐकून तिचे अंडाशयही काढले असावेत अशी शंका येते. कागद असेल तर बघा. आणि अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्तीचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं.

आता दुसरी बाजू. माझ्यासमोर तिशीची बाई बसते, हिमोग्लोबिन सात, महिन्यातले बारा दिवस रक्त जातंय. मी सांगते, तीन महिने गोळ्या घे, लोह घे, मग परत ये. ती म्हणते, 'मॅडम, गाडी पुढच्या आठवड्यात.' तीन महिन्यांनी ती कुठे असणार? सांगलीला नाही तर बेळगावकडे. पिशवीत बसवायची, कॉपर-टीसारखी पण हार्मोन सोडणारी टी असते, रक्तस्रावावर उत्तम, पिशवी वाचते. पण ती महाग, आणि पहिले काही महिने थोडं थोडं डाग लागत राहतं. घरात बसणाऱ्या बाईला ते चालतं. फडात राहणाऱ्या बाईला तेच तर नको असतं.

मी नाही म्हटलं तर ती नमस्कार करून उठते आणि परवानगीची कटकट नको म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काढून येते. बीडच्या नोंदीत आकडा कमी होतो, बाईची पिशवी काही परत येत नाही. उलट जिला मोठ्या गाठी आहेत, जिला खरंच गरज आहे, तिची फाइल सहीसाठी अडकते.

निशिगंधा

डॉक्टर, 'मी नाही तर शेजारचा काढेल' हे वाक्य गर्भलिंग निदानाच्या काळातही ऐकलं होतं. तेव्हाही बाईच हट्ट करते असं सांगायचे. कायदा कडक झाला, यंत्रं सील झाली, तेव्हा कुठे थोडा फरक पडला. नियम नको असेल तर तसं स्पष्ट लिहा.

डॉक्टरीण_तालुक्याची

नियम नको असं मी लिहिलेलं नाही, वाचा परत. एका जिल्ह्यापुरता नियम बिनकामाचा आहे, असं लिहिलंय. राजस्थानातल्या दौसासारख्या ठिकाणच्या प्रकरणांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्या याचिकेचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला. केंद्राने २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं न्यायालयाने सांगितलं. देखरेख समित्या, चाळिशीच्या आतल्या शस्त्रक्रियांची तपासणी, सगळं त्यात आहे. ते सगळीकडे सारखं राबवा, मी पहिली सही करते.

गर्भलिंग निदानाची तुलना मला पटत नाही. तिथे बाईला आजार नव्हता. इथे आहे, आणि तो आम्ही दिलेला नाही.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक. सगळ्यांचे हिशेब झाले, आता आमचाही ऐका.

'कोपीवर पाणी आणि संडास द्या' म्हणणं सोपं आहे. द्यायचं कुणी? टोळी माझ्या रानात दोन-तीन दिवस असते, मग पुढच्याच्या रानात. कोप्या असतात गावाच्या कडेला नाही तर कारखान्याच्या माळावर. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिलेत. मुकादम म्हणतो, मीच कर्जात. आणि आमचे खिसे रिकामे होतात ते वेगळंच: तोडीला आलं की खुशाली द्या, ड्रायव्हरला एन्ट्री द्या, नाही दिली तर ऊस वाळू देतात. उचल घेऊन पळून गेलेल्या टोळ्यांमुळे इथले कितीतरी ट्रॅक्टरवाले बुडालेत. त्याचे मथळे होत नाहीत.

बायांचे हाल होतात ते डोळ्यांनी बघतो. आमच्या घरातून त्यांना पाणी, ताक, कधी जुनी लुगडी दिली जातात. पण खाडा बंद केला तर त्या दिवसाचं नुकसान कुणाच्या डोक्यावर टाकणार, एवढं सांगा.

जोंधळा

कृष्णाकाठ, प्रश्न रास्त आहे. उत्तर कारखाना. ऊस त्याचा, साखर त्याची, तोडणीचा कार्यक्रम त्याचा, कुठल्या गटातला ऊस कधी तुटणार हे त्याच्या शेती ऑफिसची चिठ्ठी ठरवते. मजूर तेवढे त्याचे नाहीत? कागदावर मधे दोन माणसं उभी केली म्हणून जबाबदारी संपत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली ती उगाच नाही.

निशिगंधा, विटाळाचं म्हणाल तर कोपीवर तो पाळायला जागाच नसते. त्याच हातांनी भाकरी थापायच्या असतात. गावी आल्यावर मात्र त्याच बाईने चार दिवस देवघराकडे जायचं नाही. म्हणजे कामाच्या वेळी विटाळ माफ आणि सणाला लागू. म्हणून मी तो पहिल्या नंबरवर धरला नाही. आजार देतं काम, लाज देते घरची शिकवण. लाजेमुळे ती सहा महिने तोंड उघडत नाही, हे मान्य.

आकडेमोड, आंध्राच्या उदाहरणावरून डॉक्टर पिशवी का काढतात ते कळतं. बीडची बाई स्वतःच्या पदरचे, तेही उचल घेऊन, पैसे देऊन का काढते ते कळत नाही. तिला कुठल्या योजनेने फुकट काढून दिलेली नाही. कर्ज काढून माणूस शस्त्रक्रिया करून घेतो तेव्हा त्याला त्यातून काहीतरी वाचवायचं असतं.

आकडेमोड

वाचवायचं असतं की भीती घातलेली असते? तुम्हीच पहिल्या लेखात 'ठेवली तर कॅन्सर होईल' लिहिलंय. भीतीपोटीही माणूस कर्ज काढतो. देशाच्या त्या पाहणीत शस्त्रक्रियेचं सगळ्यात मोठं कारण बायकांनी काय सांगितलं? जास्त रक्तस्राव, निम्म्याहून अधिक जणींनी. आणि दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगीत. शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय ३४. हे चित्र अख्ख्या देशाचं आहे.

आणि पैशाचं एक गणित मांडतो, कारण इथे कुणी मांडलं नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने, असं ठरलेलं आहे. राज्यात हंगामाला दहा कोटी टन गाळप धरलं तर कारखान्यांचे शंभर कोटी, सरकारचे शंभर कोटी. दर वर्षी. कृष्णाकाठ यांनी विचारलं ना, नुकसान कुणाच्या डोक्यावर? पैसा आहे. खाड्यावर भांडत बसण्यापेक्षा त्यातून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कोप्यांवर फिरते दवाखाने आणा.

कृष्णाकाठ

शंभर कोटीतले टनाला दहा रुपये शेवटी आमच्याच बिलातून जाणार, ते राहिलं का लिहायचं?

धारूरचा_घाट

दादा, तुमच्या बिलाचं तुम्ही बघा. २०२४ च्या जानेवारीत आमच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली ती किती वर्षांच्या भांडणानंतर, तेही बघा. आणि ती वाढसुद्धा कोयत्याला. बाईच्या नावावर त्यातला रुपया नाही. तिच्या हातात सुटे पैसे येतात ते फक्त वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकल्याचे.

आशाताई

मी आशा कार्यकर्ती, वडवणीकडची. मोबाइलवर लिहिते, चुका पदरात घ्या.

सगळे पिशवीवर बोलतात. पिशवीच्या आधी बाळंतपण असतं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, सातव्या महिन्यात लेकीला आणायचं, ओटी भरायची. ऊसतोड्याच्या घरात हे जमत नाही, कारण माहेरच कारखान्यावर असतं. आई एका कारखान्यावर, लेक दुसऱ्या. गावात मागं म्हातारी माणसं. मग पोरीला पाचवा असू दे नाहीतर आठवा, ती नवऱ्यासंगं जाती. मी लोहाच्या गोळ्या देते, मातृत्वाचं कार्ड भरून देते, सांगते तिकडच्या दवाखान्यात दाखव. ती म्हणती, 'ताई, दवाखाना पाच कोस, अन् खाडा कोन भरंल?' कळा लागल्या तर कोपीत, नाहीतर गाडीत. कुठं कुठं चीक पण पाजत नाहीत बाळाला, सासू म्हणती जड असतंय. मी भांडून पाजायला लावते, पण मी इथं असते तेव्हा. तिकडं कोण सांगणार? आणि सव्वा महिना बाळंतीण शेकशेगडी करती ती गावातली. फडातली पंधरा दिवसांत मोळी उचलती. अंग बाहेर येतं ते तिथंच. मग दोन वर्षांनी म्हणायचं पिशवी खराब झाली.

लग्नाचं पण लिहा कुणीतरी. पोरगी बारा-तेराची झाली की तिला मागं कुणाजवळ ठेवायची? कोप्यावर नेली तर डोळ्याला डोळा लागत नाही आईच्या. मग देऊन टाकतात. जोडी झाली की कोयता झाला, उचल मिळती. आमच्या जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसच्या वर पोरींची लग्नं अठराच्या आत होतात, सरकारच्याच पाहणीत आलंय. ज्या पोरीचं सतराव्या वर्षी लेकरू होतं तिची पिशवी तिसाव्या वर्षी थकणारच ना.

निशिगंधा

आशाताई, हा प्रतिसाद वर मूळ लेखात असायला हवा होता.

डॉक्टरीण_तालुक्याची

आशाताईंच्या अंग बाहेर येण्याच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. बाळंतपणानंतर लगेच ओझं उचलल्याने गर्भाशयाचा आधार सैल पडतो. अशा बाईला नंतर खरंच शस्त्रक्रिया लागते, तेव्हा ती 'अनावश्यक' या रकान्यात कशी बसवायची? म्हणूनच नुसत्या शस्त्रक्रिया मोजून काही कळत नाही. कारण लिहिलेलं पाहिजे, बाळंतपण कुठे झालं, किती दिवसांत कामाला लागली, तेही लिहिलं पाहिजे. जोंधळा यांच्याशी माझं इथे जमतं: मी पिशवी वाचवली तरी ती बाई त्याच फडात परत जाणार आहे.

पण पाळीचा खाडा माफ केला तर एक भीती आहे. मुकादम उद्या म्हणेल, चार दिवस बसून राहणारी जोडी नको, पिशवी काढलेली द्या. आज जे तो बोलत नाही ते उघड बोलायला लागेल.

जोंधळा

हा धोका मला दिसतो. म्हणूनच माफीचा पैसा मुकादमाच्या खिशातून जाता कामा नये. आकडेमोड यांच्या त्या दोनशे कोटींतून थेट बाईच्या खात्यावर यावा, महिन्याला ठराविक दिवसांचा, पाळी आहे की नाही हे न विचारता. पिशवी असलेलीला आणि नसलेलीला सारखाच. विचारायला लागलं की तपासायला लागतील, आणि ते कुणाला नकोय.

आकडेमोड

थेट खात्यावर चालेल, पण मग तो पगारी रजेचा प्रश्न झाला, गर्भाशयाचा नाही. मी अजूनही म्हणतो की खाडा बंद झाल्याने पिशव्या वाचतील याचा पुरावा नाही. करून बघायचं तर साधा मार्ग आहे. एका कारखान्याच्या काही टोळ्यांना दोन हंगाम खाडा लावू नका, बाकीच्यांना आहे तसं ठेवा, दोन्हीकडे दवाखाना सारखा द्या. मग मोजा. फरक पडला तर मी इथे येऊन जाहीर मान्य करतो.

धारूरचा_घाट

अशी बिनखाड्याची टोळी सापडली तर कारखान्याचं नाव आधी मला कळवा. वहिनीचं वय सव्वीस आहे, तिला यंदा तिकडंच पाठवतो.